उशीखालच्या पाच गोळ्या

आज सकाळी उशीचा अभ्रा बदलताना ९ नंबरच्या खाटेवरच्या आजींच्या रुमालाची गाठ सुटली आणि आतून ॲम्लोडिपिन या रक्तदाबावरच्या औषधाच्या पाच गोळ्या गादीवर पडल्या. पाचही रात्री त्यांच्या औषधतक्त्यावर ‘दिली’ अशी सही आहे आणि त्यांतल्या तीन सह्या माझ्या आहेत. गोळी तळहातावर ठेवून, पाण्याचा पेला पुढे करून, त्यांनी ती गिळेपर्यंत न थांबता मी पुढच्या खाटेकडे वळत होते.

आजी शिरोळकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या जैन शेतकरी घरातल्या. चातुर्मासात सूर्यास्तानंतर खाद्य, स्वाद्य, लेह्य आणि पेय या चारही आहारांचा त्यांना त्याग असतो. म्हणजे पाण्याचा घोटही नाही. आमची औषधफेरी मात्र रात्री ९ वाजता. “तू मायेनं देतीस बाळ, नको कसं म्हणू?” एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते मनाला फार लागले. दाखल करताना मी ॲलर्जी विचारली, जुनी औषधे विचारली. नेमधर्म विचारला नाही.

खरा धोका पुढेच होता. रक्तदाब उतरत नाही म्हणून मात्रा ५ वरून १० मिलिग्रॅम करावी, असे कालच्या राउंडला बोलणे झाले होते. औषध लागू पडत नाही असे तक्ता सांगत होता आणि औषध तर पोटात गेलेच नव्हते!

वेळ बदलणे माझ्या अधिकारात नाही, म्हणून मी लगेच डॉक्टरांना फोन केला आणि सह्यांची चूक इन्चार्ज सिस्टरांना सांगून नोंदवहीत लिहिली. ॲम्लोडिपिनचा परिणाम २४ तासांहून अधिक टिकतो, त्यामुळे ते सकाळी दिले तरी चालते; डॉक्टरांनी तशी वेळ लिहून दिली आणि मात्रा ५ मिलिग्रॅमच ठेवली. बारा-बारा तासांनी द्यायचे अँटिबायोटिक सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सव्वासहाला लावले. आठ तासांनी द्यायचे औषध असते, तर एक मात्रा रात्रीत आलीच असती. तशी वेळ आली तर काय करायचे, हेही आजींना विचारून ठेवले. “सुईला माझं काही नाही, तोंडातनं नको,” त्या म्हणाल्या.

सकाळच्या पाळीला हँडओव्हर देताना हे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत तक्त्यावर लिहिले.