कविता एक, निबंध चौघांचा

परदेशी विद्यापीठात इंग्रजीच्या वर्गात कवितेवर गटाने निबंध लिहायचा असतो, तेव्हा आपल्याकडच्या मुलांचा पहिला मसुदा बहुतेकदा रसग्रहणाच्या वळणावर जातो: कवीचा परिचय, कडव्यांचा भावार्थ, शेवटी सुंदर प्रतिमांचं कौतुक. याला तिथे फारसे गुण मिळत नाहीत. भावार्थ तपासणाऱ्यालाही कळलेला असतो. त्याला हवा असतो दावा, आणि तो कवितेतल्या शब्दांवरून सिद्ध केलेला.

विल्यम ब्लेकची १७९४ची 'द टायगर' घ्या. चोवीसच ओळी. आधी पेन्सिल बाजूला ठेवून मोठ्याने वाचायची, मग दुसऱ्या वाचनात जोर पडेल तिथे खूण करायची. इथे लघु-गुरूची सवय आड येते. इंग्रजीत मात्रा मोजत नाहीत, आघात मोजतात. पहिल्या ओळीत चार आघात आहेत. ओळ आघातानेच सुरू होते आणि आघातावरच संपते. कानाला ते ठोके वाटतात, आणि चौथ्या कडव्यात खरोखरच हातोडा, भट्टी, ऐरण येतात. हे जुळवून दाखवलं की एक परिच्छेद उभा राहतो. नुसतं 'इथे अनुप्रास आहे' म्हणून थांबलात तर समासात हमखास शेरा येतो: मग काय?

गटात पहिला मोह होतो तो कडवी वाटून घेण्याचा. तो टाळाच. या कवितेचं पहिलं आणि सहावं कडवं जवळजवळ शब्दशः एक आहे. फक्त 'कुड'च्या जागी 'डेअर' येतं. असा प्राणी घडवण्याची ताकद कुणात, हा प्रश्न तो घडवण्याचं धाडस कुणाचं, असा होतो. कवितेची सगळी कळ तिथे आहे. ही दोन कडवी दोघांकडे गेली, तर ती कुणालाच सापडत नाही.

म्हणून पहिल्या बैठकीत कुणी काही लिहायचं नाही. प्रत्येकाने तीन निरीक्षणं आणायची आणि त्यांतून एक वाक्य ठरवायचं. उदाहरणार्थ: कवितेतली भीती वाघाकडून त्याच्या निर्मात्याकडे सरकत जाते. मग वाटणी पुराव्यांची: एकाकडे लय, दुसऱ्याकडे लोहारकामाच्या प्रतिमा, तिसऱ्याकडे उत्तर न मिळणारे प्रश्न, चौथ्याकडे तो बदललेला शब्द. बाराशे शब्दांत प्रस्तावनेला शंभर, चार भागांना अडीचशे-अडीचशे, समारोपाला शंभर. या बैठकीत गप्प बसू नका. आपण संकोचाने बोलत नाही आणि इतरांना वाटतं, तयारीच केलेली नाही.

अवतरण चार-पाच शब्दांचं पुरतं. ते आपल्याच वाक्यात बसवायचं आणि ओळीचा क्रमांक द्यायचा. एमएलए या अवतरणं आणि संदर्भ देण्याच्या पद्धतीत तीन ओळींपर्यंतचं अवतरण मजकुरातच येतं, ओळी तिरप्या रेघेने तोडून. त्याहून मोठं असेल तर वेगळं, आत सरकवून. क्रियापदं वर्तमानकाळात.

खरी कसोटी सांधे जुळवताना लागते. एकाने 'कवी' लिहिलेलं असतं, दुसऱ्याने 'निवेदक' (हेच बरोबर, कारण कवितेत बोलणारा ब्लेकच असेल असं नाही), तिसरा भूतकाळात घुसलेला, आणि एकच ओळ दोघांनी उद्धृत केलेली. ब्लेकच्या 'टायगर'मधला 'वाय' संगणक परस्पर 'आय' करून टाकतो, तो वेगळाच. शेवटचा हात एकाच व्यक्तीने फिरवावा. पण दुसऱ्याचा परिच्छेद थेट न बदलता सूचना म्हणून दुरुस्त्या सुचवाव्यात, नाहीतर आदल्या रात्री भांडण ठरलेलं. आणि प्रत्येकाने सामायिक फाइलमध्ये स्वतःच्या खात्यावरूनच लिहावं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले परिच्छेद एकानेच चिकटवले, की फाइलच्या इतिहासात त्याचंच नाव उरतं, आणि कुणी किती काम केलं हे बघायला शिक्षक तोच इतिहास उघडू शकतात.