मोटारींना बंद असलेल्या रस्त्यांवर

आज दिवसभर अकेडिया राष्ट्रीय उद्यानातल्या कॅरेज रोड्सवर सायकल चालवली आणि हॉर्न एकदाही ऐकू आला नाही. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

अमेरिकेच्या मेन राज्यातले हे रस्ते जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी 1913 ते 1940 या काळात घोडागाड्यांसाठी बांधून घेतले. घराणं तेलाच्या धंद्यातलं, आणि या माणसाने रस्ते बांधले ते मोटारींना दूर ठेवणारे! मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला. उद्यानाच्या हद्दीत असे सुमारे 45 मैल, म्हणजे 72 किलोमीटर रस्ते आहेत. खडीचे, कडेला ग्रॅनाइटचे धोंडे. डोंगर फोडून सरळ जाण्यापेक्षा रस्ता डोंगराच्या कलाने वळत जातो, त्यामुळे चढ लांबतो पण छाती भरून येत नाही.

ईगल लेकची फेरी छानच. पण जीव अडकला तो जॉर्डन पाँडच्या वरच्या अंगाला. तिथे रस्ता घरंगळलेल्या दगडांच्या उतारातून जातो आणि खाली तळ्याचं नितळ पाणी दिसत राहतं. आणि ते पूल! आतून काँक्रीट, बाहेरून तिथलाच दगड, प्रत्येकाची घडण वेगळी. मी प्रत्येक पुलाखाली उतरून कमानी बघितल्या. (सोबतचे वैतागले, पण थांबले.)

इथे सायकलवाल्याने पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. सगळे ते पाळतात, म्हणून लहान मुलंही बिनधास्त सायकली हाकत होती. कुणी जाणार असाल तर जरा रुंद टायरची सायकल घ्या, खडीवर बारीक टायर घसरतो.