चार रीस्टार्ट

मागच्या आठवड्यातली डेटा रिकव्हरीची एक केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. 500 जीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज चालू होता होता अडकायचं आणि आतून टकटक आवाज. त्यात ती आणणाऱ्या माणसाच्या वारलेल्या वडिलांचे फोटो, बॅकअप कुठेच नाही. माझ्या आधी आमच्यातल्याच एकाने चेकडिस्क स्लॅश आर, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड, लावून रात्रभर सोडून दिलं होतं. आवाज करणाऱ्या डिस्कवर हे करायचंच नसतं, ते अख्खी डिस्क वाचत बसतं आणि वर तिच्यावरच लिहितं. किती वेळा सांगितलंय.

मी आदल्या रात्री व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह बनवला होता, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर थेट चालू करता येतो असा. त्यावर आयएसओ (अख्ख्या सिस्टमची एकच फाइल) नुसत्या कॉपी करायच्या, सिस्टमरेस्क्यू (दुरुस्तीसाठीची लिनक्स), क्लोनझिला (डिस्कची नक्कल करायला), मेमटेस्ट (रॅम तपासायला) सगळं एकातच राहतं. पहिल्या बूटला सिक्युअर बूटने, म्हणजे अनोळखी सिस्टम चालू न होऊ देणाऱ्या सोयीने, अडवलं, सिक्युरिटी व्हायोलेशन. मॉक मॅनेजरमध्ये जाऊन की एनरोल केली, म्हणजे व्हेंटॉयला परवानगी दिली, आणि रीस्टार्ट. मेनू आला, सिस्टमरेस्क्यू निवडलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) लोड झाला आणि पुढे बाकीच्या सिस्टमची फाइलसिस्टमच मिळेना. रीस्टार्ट करून कॉपी-टू-रॅम (सगळी सिस्टम आधी रॅममध्ये घ्यायची) लावून बघितलं, तेच. परत रीस्टार्ट, बूट करायच्या दुसऱ्या पद्धतीने, ग्रब मोडने, तरी तेच. चौथ्यांदा रीस्टार्ट दाबल्यावर ती टकटक ऐकू आली आणि तेव्हा कळलं की मी पेनड्राइव्ह तपासतोय आणि दर वेळी ती मरायला टेकलेली डिस्क उगाच फिरतेय.

बंद केलं, साटा केबल काढली. लॅपटॉपवर चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) घेतला तर आयएसओचा जुळेना. रात्री कॉपीचा बार भरला आणि मी तसाच पेनड्राइव्ह उपटला होता, खरं लिखाण रॅममधून अजून उतरायचं होतं. परत कॉपी केली, राहिलेलं लिखाण पूर्ण करायला सिंक दिलं, ते संपायलाच पाच-सहा मिनिटं लागली, चेकसम जुळला, आणि डिस्क न जोडता बूट करून बघितलं. सुरळीत झालं.

मग डिस्क जोडून डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची नक्कल काढायचं साधन. सिस्टमरेस्क्यू स्वतःहून डिस्क माउंट करत नाही, म्हणजे वापरायला उघडत नाही, म्हणून अशा कामाला मी तेच घेतो. आधी मायनस एन, म्हणजे जे सहज वाचता येतंय ते पटकन घ्यायचं आणि खराब जागा खरवडत बसायचं नाही. इमेज (डिस्कची नक्कल) आणि मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं त्याची नोंद) दुसऱ्या डिस्कवर, तिचा फॉरमॅट एक्सटी4, कारण फॅट32 फॉरमॅटवर 4 जीबीच्या वरची फाइल मावत नाही. अकरा तासांनी थोडे एमबी राहिले होते. ते घ्यायला तीन रीट्राय लावले आणि त्यातच डिस्क कायमची गेली.

नेमकं काय गेलं ते शोधायला इमेजची कॉपी केली, न वाचलेल्या जागा डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने एका खुणेच्या शब्दाने भरल्या आणि तो शब्द कुठल्या फाइलींमध्ये येतो ते ग्रेप या शोधायच्या कमांडने बघितलं. एकोणीस फोटो निघाले, सगळे एकाच फोल्डरमधले. उघडले तर वर चेहरा दिसतो आणि खाली नुसता करडा पट्टा.

त्याने ते बघितले आणि एवढंच विचारलं, "आधी आणली असती तर वाचले असते का हो?" मी चेकडिस्कचं सांगितलं. रीस्टार्टचं नाही सांगितलं. त्या चार वेळांनी किती फरक पडला ते मला खरंच सांगता येणार नाही, पण उद्या तो डेटा न्यायला येतोय तेव्हा तेही सांगणार आहे.