शिवराई घासू नका

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माझ्या फोनवर नाण्यांचे फोटो येऊ लागतात. आजोबांच्या ट्रंकेतली, देव्हाऱ्यातल्या डबीतली. प्रश्न एकच, "याचे किती येतील?" माझं उत्तरही ठरलेलं: आधी घासणं थांबवा.

परवा मावशीने दोन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, पाठवल्या. एक तिने चिंच-मीठ लावून लख्ख केली होती, दुसरीला अजून हात लावला नव्हता. लख्ख केलेलीवर भिंग धरलं तर सगळीकडे बारीक ओरखडे, आणि 'श्री'ची वेलांटी जवळजवळ गेलेली. दुसरी काळपट तपकिरी, अक्षरांच्या खोबणीत जुनी माती बसलेली, पण 'राजा'चा काना अजून बोटाला लागतो. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तो काळसर थर म्हणजेच पॅटिना. तो नाण्याला जपतो, आणि जाणकार गिऱ्हाईक पैसे मोजतं तेही त्यालाच. मावशीला फोन करून सांगितलं, "ही दुसरी आहे तशीच राहू दे, पाण्यातसुद्धा घालू नकोस."

शिवराई ओळखायला सोपी. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. 1674च्या राज्याभिषेकाशी तिचं नातं आहे. पण हाताला लागणारी प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही हाच मजकूर छापला जात राहिला. ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा दिसल्या तर ती दुदांडी, म्हणजे नंतरची. म्हणून तिला कमी लेखायचं कारण नाही. आठवडी बाजारात मीठमिरची याच पैशांवर घेतली गेली.

खरी-खोटी ओळखताना मी मजकुराच्या आधी कडा बघते. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये धरून वरून हातोडा मारायचा, अशी ही नाणी पडत. ठसा मोठा आणि तुकडा लहान, त्यामुळे एखादं अक्षर बाहेर राहतंच. कडेला मार बसून बारीक चिरा पडतात, आकारही वेडावाकडा. उलट ठिपक्यांचं वर्तुळ चहूबाजूंनी पूर्ण आणि अक्षर न् अक्षर मधोमध असलं की मला शंका येते. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरं मुळाशी गुळगुळीत, मेणासारखी दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, आणि कडेवरची जोडाची रेघ कानशीने घासलेली कळते.

मारुती, रामदरबार किंवा ॐ असलेलं, 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं लिहिलेलं नाणं मात्र आणू नका. कंपनीने असं नाणं पाडलंच नाही. तिचा खरा तांब्याचा अर्धा आणा 1835चा, त्यावर कंपनीचं सिंहांचं मानचिन्ह असतं. रामदरबाराचं नाणं भक्तीने देव्हाऱ्यात खुशाल ठेवा, पण 'यात चमत्कारी शक्ती आहे' म्हणून कुणी लाखांचा भाव सांगितला, तर तो माणूस लुबाडायलाच आला आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी आगाऊ शुल्क मागितलं तरी तेच. बँकेने 2021मध्ये असा इशारा दिला होता.

चांदीचा राणीछाप रुपया असेल तर आधी सोनाराच्या काट्यावर ठेवा. वजन 11.66 ग्रॅम, झिजलेला असेल तर किंचित कमी. 1862 साल बघून हुरळू नका. ते साल 1874पर्यंत तसंच छापत राहिले, म्हणून तो रुपया घरोघरी सापडतो. 1939चा सहाव्या जॉर्जचा रुपया मात्र खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच 1938मधल्या 8चा 9 कोरणारे कारागीर आहेत. शेवटच्या आकड्याभोवतीची चांदी भिंगाखाली बघा. तिथला पोत बाकी पृष्ठभागापेक्षा वेगळा दिसला, खरवडल्याच्या खुणा दिसल्या, तर व्यवहार तिथेच थांबवायचा.

प्रत म्हणजे दर्जा ठरवताना उंचवटे बघायचे. राणीच्या गालाचा आणि केसांचा भाग आधी झिजतो. केसांच्या बटा वेगळ्या दिसल्या तर चांगली प्रत, नुसता सपाट गोळा राहिला तर साधी. घासून आणलेली चमक यात धरत नाहीत, उलट तिने प्रत खाली येते.

फोटो पाठवायचे असतील तर तीन पाठवा: दोन्ही बाजू आणि कडा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. वजन लिहा. आणि नाणं कडेने धरा, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नव्हे, कागदी पाकिटात ठेवा.