पॅकिमीटरवरचा आकडा

क्रॉसलिंकिंगसाठी, म्हणजे सैल पडलेला कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) औषध आणि अतिनील दिव्याने ताठ करण्यासाठी, रुग्ण टेबलावर आला की माझे लक्ष दिव्यापेक्षा पॅकिमीटरवर, म्हणजे कॉर्नियाची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर, अधिक असते; बार्शीकडच्या त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या वेळी तर त्या यंत्राने आमची परीक्षाच घेतली.

वर्षभरात त्याचा नंबर दोनदा बदलला होता आणि घरच्यांनी त्याचे खापर मोबाइलवर फोडले होते. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात, मात्र डाव्या कॉर्नियाचा खालचा भाग शंकूसारखा पुढे आलेला स्पष्ट दिसत होता (या आजाराला केरॅटोकोनस म्हणतात), आणि सहा महिन्यांत त्याची कमाल वक्रता ५२ वरून ५४.५ डायॉप्टरवर गेली होती. मुलाला ॲलर्जी होती, त्यात सोयाबीनच्या मळणीत तो वडिलांच्या हाताखाली असे. डोळे तो कसे चोळतो, हे ओपीडीतच पाहायला मिळाले: बोटांची पेरे पापण्यांवर रोवून, गोल गोल, चांगला जोर लावून. अशा चोळण्याने हा आजार वाढतो.

“मॅडम, यानं चष्मा जाईल ना?” वडिलांनी विचारले.

“नाही दादा, चष्मा राहणार. आजार आहे तिथं थांबावा, एवढ्यासाठी हे करायचं.”

“म्हणजे एवढा खर्च नुसता थांबवायला?”

प्रश्न रास्त होता. पुढे कॉर्निया बदलण्याची वेळ येऊ नये म्हणून, हेच त्याचे खरे उत्तर आहे. पण मुलगा आज धड दिसतो-चालतो आहे, अशा वेळी ते पटवणे शस्त्रक्रियेपेक्षा जड जाते.

आम्ही वापरली ती ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली पद्धत. बधिर करणारे थेंब घालून कॉर्नियावरचा एपिथेलियमचा पातळ थर काढायचा, अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब मुरवायचे आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश द्यायचा. त्या प्रकाशात रायबोफ्लेविन आणि प्राणवायू यांच्या क्रियेतून कोलॅजनमध्ये नवे बंध तयार होतात आणि सैल पडलेला कॉर्निया ताठ होतो. मात्र त्या वेळी जाडी किमान ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) हवी, नाहीतर एंडोथेलियमला, म्हणजे कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या पेशींच्या थराला, इजा पोचते, आणि त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत.

थर काढल्यावर जाडी भरली ४०६. औषधातले डेक्स्ट्रान कॉर्नियातले पाणी ओढून घेते, त्यामुळे अर्ध्या तासाने ती ३७८ वर उतरली. हे होणार याचा अंदाज होता, म्हणून डेक्स्ट्रानविरहित, कमी क्षारतेचे रायबोफ्लेविन तयार ठेवले होते. त्याचे थेंब सुरू केले, कारण त्याने कॉर्निया पाणी शोषून फुगतो. ३८५, ३९२, मग बराच वेळ ३९६ वरच अडलेले. मुलाच्या गालावरून पिवळे ओघळ कानापर्यंत गेले होते. डोळा बधिर असल्याने त्याची तक्रार फक्त नाक खाजते एवढीच होती, आणि नर्स ताई गॉजने ते खाजवून देत होत्या. अखेर ४११ आले. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या, निळ्या प्रकाशात कॉर्नियामागच्या द्रवातही पिवळी झाक दिसली, म्हणजे औषध आरपार मुरले होते, तेव्हा दिवा लावला. मधेही जाडी मोजत राहिलो, ती ४०० च्या खाली गेली नाही.

बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकणारी मऊ काँटॅक्ट लेन्स, घालून त्याला बाहेर आणले, तेव्हा पुढचे तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखेल आणि काही आठवडे धूसर दिसेल, हे वडिलांना पुन्हा सांगितले. ॲलर्जीचे थेंब मात्र दोन्ही डोळ्यांत चालू ठेवायचे होते, कारण उजव्या डोळ्याच्या टोपोग्राफीतही सुरुवातीच्या खुणा होत्या. धाकटी बहीणही असेच डोळे चोळते, असे ते बोलता बोलता म्हणाले. पुढच्या तपासणीला तिलाही टोपोग्राफीसाठी सोबत आणायला सांगितले.