नोव्हेंबरचा पहिला शनिवार

१ नोव्हेंबर २०२५. अमेरिकेचं केंद्र सरकार महिनाभर ठप्प होतं, आणि त्या दिवसापासून ‘स्नॅप’चे पैसेही थांबले. गरीब कुटुंबांना किराण्यासाठी सरकार दर महिन्याला कार्डावर जे पैसे भरतं, ते हे. तेव्हा देशभरात सुमारे ४ कोटी २० लाख माणसांचा किराणा त्यावर येत होता. न्यू जर्सीत महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत ते जमा होतात, त्यामुळे एक तारखेला आमच्या दुकानात एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या शनिवारी लोक आले होते, पण भरलेली ट्रॉली क्वचितच दिसत होती.

मी इथल्या एका सुपरमार्केटमध्ये सेल्फ-चेकआउटला असते, म्हणजे गिऱ्हाइकं स्वतःच मशीनवर बिल करतात तिथे. सहा मशीन आणि लक्ष ठेवायला मी एकटी. मशीनवरचा दिवा लाल झाला की तिकडे धाव घ्यायची. कुणी घरून आणलेली पिशवी वजनाच्या जागी ठेवलेली असते, कुणाचं कुपन लागत नसतं, कुणाला केळ्यांचा कोड सापडत नसतो. ४०११, मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट अन्न पुरवणाऱ्या संस्थेसाठी, देणगीची मोहीम चालू होती. पैसे भरायच्या आधी पडद्यावर प्रश्न येतो, ‘भुकेल्या कुटुंबांसाठी राउंड अप करणार का?’ बिल १७ डॉलर ३८ सेंट झालं असेल तर १८ घेतात आणि वरचे ६२ सेंट देणगीत जातात. ‘हो’चं बटण मोठं आणि हिरवं, त्याखाली ‘नको’ बारीक, राखाडी रंगात.

यावर लोकांची मतं मला रोज ऐकायला मिळतात. पुण्याहून लेकीकडे आलेल्या एक काकू त्या सकाळी मला मराठीतच म्हणाल्या, “अगं, देवळात पेटीत मी आपणहून टाकते. इथं मागे माणसं उभी, नको कसं दाबायचं?” एक आजोबा मशीनकडे फिरकतच नाहीत. ते कॅशिअरच्याच रांगेत थांबतात. या यंत्रांनी कुणाच्या तरी पोरांची नोकरी खाल्ली, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. आणखी एकाने नेहमीचा आरोप केला, “आमच्या पैशावर तुमची कंपनी टॅक्स वाचवते.” हा समज फार पसरलाय, म्हणून मी दर वेळी थांबून समजावते. गिऱ्हाइकाने दिलेली देणगी दुकानाचं उत्पन्न धरली जात नाही, दुकान ती फक्त गोळा करून पुढे देतं, त्यामुळे त्यावर दुकानाला सूट घेता येत नाही. देणगी तुमची, पावतीवर छापलेली असते, नियमात बसत असेल तर सूट तुम्हीच मागा. त्यांनी पावती नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली.

दुपारी चार नंबरचा दिवा लागला. एक बाई, बरोबर शाळकरी मुलगा. दूध, ब्रेड, केळी, अंडी, चिकन. देणगीच्या प्रश्नाला ‘नको’ दाबून तिने स्नॅपचं कार्ड लावलं होतं. शिल्लक पुरत नव्हती. मी चिकन रद्द केलं. बिल नव्याने झालं, आणि पडद्याने पुन्हा विचारलं, भुकेल्या कुटुंबांसाठी काही देणार का? ‘नको’. कार्ड पुन्हा नाकारलं. अंडी काढली. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तिचं बोट काचेजवळ जाऊन तसंच राहिलं. मुलगा पडदा वाचत होता. मी पुढे होऊन ‘नको’ दाबलं.

दूध, ब्रेड, केळी एवढंच निघालं. पावती घेताना तिने हळूच विचारलं, “हे अन्न मिळतं कुठे?” मी तिला २११ या मदतीच्या नंबरवर फोन करायला सांगितलं, आणि राज्याची मोठी फूड बँक हिलसाइडला आहे, तिथून गावोगावच्या केंद्रांना अन्न जातं, हेही. पावतीच्या मागे लिहून दिलं.

मला राग आला होता. फूड बँकेचा नाही. त्या आठवड्यात फूड बँकेला प्रत्येक सेंट हवा होता. राग याचा, की समोर कोण उभं आहे हे न बघता मागायचं काम आम्ही यंत्राला दिलं. आमची जुनी कॅशिअर हाच प्रश्न तोंडाने विचारते, पण आधी चेहरा बघते, ट्रॉली बघते, आणि कधी कधी विचारतच नाही.

मॅनेजरला म्हटलं, निदान आठवडाभर प्रश्न बंद करा. तो म्हणाला, पडद्यावर काय यायचं ते मुख्य कार्यालयातून ठरतं, इथं बटणच नाही. मग त्याच्या परवानगीने मी स्नॅपचं कार्ड हातात दिसणाऱ्यांना कॅशिअरकडे पाठवत राहिले. संध्याकाळी त्याच्यामार्फत लेखी मागणी दिली: एकदा ‘नको’ म्हटल्यावर त्याच बिलात पुन्हा विचारू नका, आणि पैसे कशाने भरणार हे आधी विचारा, स्नॅप असेल तर देणगीचा पडदा आणूच नका.

पुढच्या आठवड्यात कार्डांवर पैसे येऊ लागले, १२ नोव्हेंबरला सरकारही सुरू झालं. मागणीवर उत्तर आलेलं नाही. मी ती पुन्हा दिली आहे, आणि या वेळी खाली कॅशिअर मंडळींच्याही सह्या आहेत.