सरांची मेलपेटी कोणी उघडायची?

दुपारी एक विभागप्रमुख आमच्या संगणक केंद्रात आल्या. त्यांच्याकडचे एक ज्येष्ठ प्राध्यापक अचानक गेले होते. त्यांच्या संशोधन प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) अडलेलं आणि निधी देणाऱ्या संस्थेशी झालेला सगळा पत्रव्यवहार सरांच्या मेलमध्ये. "पासवर्ड बदलून द्या, आम्ही शोधून घेतो," मॅडम म्हणाल्या. काम मिनिटाभराचं होतं. मी नाही म्हटलं.

ई-मेल धोरणाचा मसुदा आमच्याकडे होता, पण तो जागेच्या टंचाईतून आलेला. गुगलनं शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून जुलै २०२२ पासून १०० टीबीची मर्यादा लावली, तेव्हापासून चर्चा एकच: निवृत्तांची खाती कधी काढायची? डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंतच परत आणता येतं आणि व्हॉल्टमध्ये, म्हणजे मेल जपून ठेवायच्या आणि शोधायच्या गुगलच्या सोयीत, राखलेल्या मेलही खात्यासोबतच जातात. दुसऱ्याची पेटी कोणी, कशासाठी उघडायची, यावर मात्र मसुद्यात एक ओळ नव्हती.

कुलसचिवांनी लगेच विधी अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांचं म्हणणं, खातं विद्यापीठाचं आहे आणि माहिती अधिकार कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेल नाव घेऊन आलेली आहे. बरोबर आहे. पण त्याच पेटीत सरांचे तपासणीचे रिपोर्ट असतील, एखाद्या विद्यार्थिनीनं विश्वासानं कळवलेली तक्रार असेल. ती तिनं सरांना लिहिली होती, विभागाला नाही! मी हार्वर्डचा दाखला दिला. तिथे २०१२ मध्ये प्रशासनानं १६ निवासी डीनच्या (वसतिगृहात राहून विद्यार्थ्यांकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) खात्यांत शोध घेतला, बहुतेकांना न सांगता. २०१३ मध्ये ते बाहेर आलं, गदारोळ झाला आणि २०१४ मध्ये लेखी धोरण आलं.

मग ठरलं, पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही. व्हॉल्टमध्ये निधीसंस्थेचा पत्ता, प्रकल्प क्रमांक आणि प्रकल्पाचा काळ एवढ्यावरच शोध घ्यायचा, तोही कुलसचिवांच्या लेखी मंजुरीनं. कायद्यानं गरज नसेल, पण मी आधी सरांच्या पत्नींना फोन केला. "कामाचं आहे ते घ्या," त्या म्हणाल्या, "बाकीचं वाचू नका हो."

संध्याकाळी विधी अधिकाऱ्यांसमोर शोध चालवला. हवा तो पत्रव्यवहार मिळाला, मॅडमना तेवढाच दिला.

हीच पद्धत आता मसुद्यात आहे. चौकशी किंवा माहितीचा अर्ज प्रलंबित असेल तर खातं काढायचं नाही, हेही आलं. घरच्यांनी मागितल्यास गेलेल्या माणसाचे फोटो, खासगी पत्रं त्यांना मिळावीत, असं कलम मी सुचवलंय. ते व्यवस्थापन परिषदेत अडलंय, पण मी ते मागे घेणार नाही.